ओंडके गाडीला बांधू नका, एकमेकांना बांधा

मॉडेल रेल्वे चालवणाऱ्या एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एचओ स्केलच्या, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या भागाएवढ्या, दहा स्केलेटन लॉग वॅगन (ओंडके वाहणाऱ्या, नुसत्या सांगाड्याच्या) आहेत आणि प्रत्येकीवर खऱ्या फांद्यांचे ओंडके. गाडी जंगलातून भरून यावी, सॉ मिलपाशी रिकामी व्हावी आणि मोकळी परत वर जावी, म्हणून ओंडके वॅगनला चिकटवायचे नाहीत. पण नुसते ठेवले तर वळणावर एखादा निसटतो. चुंबक लावून पाहिले, तर ओंडके उचलताना सगळी वॅगनच रुळावरून उठते. साखळी लावली, तर दर वेळी ती चिमट्याने सोडायची आणि परत अडकवायची. मग करायचं काय?

हा त्रास मी पुष्कळ काढलाय. माझ्या पहिल्या लॉग ट्रेनमध्ये आठ वॅगन होत्या आणि ओंडके सुटे, फक्त खुंटांच्या आधारावर. १८ इंच त्रिज्येच्या वळणातून उतारावर येताना तिसऱ्या वॅगनवरचा वरचा ओंडका घसरला आणि नेमका सांध्याच्या, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या जागेच्या, जिभेत जाऊन आडवा पडला. मागच्या पाच वॅगन एकीवर एक चढल्या, दोन कपलर (वॅगन जोडणारे आकडे) तुटले आणि एका वॅगनचा मधला दांडा पिचला. तेव्हापासून मी या एका गोष्टीवर बराच वेळ घालवला आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी एक विचार पक्का करू. ओंडक्यांना खाली धरून ठेवायची गरज जवळजवळ नसते. ते काम त्यांचं वजन करतं. गरज असते ती त्यांना बाजूला आणि पुढेमागे सरकू न देण्याची. चुंबक, चिकट पुट्टी, दुहेरी टेप हे सगळे उपाय खाली ओढणारे आहेत, म्हणून ते वॅगनला चिकटून बसतात आणि काढताना त्रास देतात. त्याऐवजी सहा ओंडक्यांची एकच मोळी करा. आतून घट्ट चिकटवलेली आणि बाहेरून सुटी दिसणारी. ती वॅगनवर नुसती बसली पाहिजे, पाट्यावर वरवंटा बसतो तशी नव्हे, तर खाचेत पाचर बसते तशी. सरळ वर उचलली की सुटावी, पण बाजूला ढकलली तर हलू नये.

खऱ्या गाड्यांवरही तत्त्व फार वेगळं नव्हतं. स्केलेटन वॅगन म्हणजे मधला एक जाड दांडा, दोन बोगी आणि त्यावर आडवे दोन बंक, म्हणजे ओंडके टेकायचे आधार. अनेक बंकांच्या माथ्यावर लोखंडी धार असे. ओंडक्याच्या प्रचंड वजनाने ती लाकडात रुतायची आणि ओंडका पुढेमागे सरकत नसे. बाजूला घरंगळू नये म्हणून बंकच्या दोन्ही टोकांना खुंट किंवा पाचरीसारखे ठोकळे असत. साखळी यानंतर यायची. आपल्या मॉडेलमध्ये ओंडक्याला ते वजन नाही, म्हणून धार रुतण्याचं काम आपण आधीच कानशीने करून ठेवायचं.

आता लाकडाकडे येतो, कारण निम्मी चूक इथेच होते. ताजी फांदी कापून लगेच मोळी बांधू नका. लाकूड वाळताना लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आखडतं, पण जाडीत ५ ते १० टक्क्यांपर्यंत. म्हणजे खुंटांमध्ये आज घट्ट बसलेल्या तीन ओंडक्यांची ३० मिलिमीटरची रुंदी काही महिन्यांनी दीड-दोन मिलिमीटरने कमी झालेली असते. मग मोळी खुळखुळायला लागते आणि माणूस चुंबक शोधायला जातो. फांद्या कापल्यावर काही आठवडे सावलीत वाळवा. नंतर ओव्हनमध्ये ९० ते १०० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवा आणि त्या वेळात ओव्हनपासून हलू नका. यात किडेही मरतात. साल सुटत असेल तर ती आत्ताच सुटू द्या, मोळी झाल्यावर नको. राहिलेल्या सालीवर पातळ केलेला पांढरा गोंद एकदा फिरवला की ती पक्की होते आणि वाळल्यावर दिसत नाही. गोंद चमकला, तर मॅट वार्निशचा एक हात द्या.

मापाचं एक उदाहरण देतो. एचओ म्हणजे १:८७. ३२ फुटी ओंडका ११२ मिलिमीटरचा होतो, ४० फुटी १४० मिलिमीटरचा. १० मिलिमीटर जाडीची फांदी म्हणजे पावणेतीन फुटांहून थोडा जाड ओंडका, आणि तो अगदी योग्य दिसतो. खाली तीन, त्यावर दोन, त्यावर एक, अशी मोळी वाळलेल्या लाकडाची केली तर साधारण ३० ग्रॅम भरते. हा आकडा लक्षात ठेवा, वजनाच्या मुद्द्यापाशी तो परत लागेल.

मोळी थेट वॅगनवर बांधू नका. त्यासाठी साचा करा. मी करतो ते सांगतो. आधी दहाही वॅगनवर व्हर्नियर कॅलिपरने दोन मापं घेतो, खुंटांमधलं आतलं अंतर आणि दोन बंकांमधलं अंतर. एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातून आलेल्या वॅगनमध्येही दोन-चार दशांश मिलिमीटरचा फरक निघतो, कारण खुंट हाताने चिकटवलेले असतात. सगळ्यांत अरुंद वॅगनचं माप घ्यायचं आणि त्यातूनही अर्धा मिलिमीटर कमी करायचा. त्या मापाने लाकडाच्या पट्टीवर दोन खोटे बंक आणि चार खुंट उभे करायचे. हा झाला साचा. त्यात पातळ प्लास्टिकचा कागद अंथरायचा, म्हणजे गोंद साच्याला धरत नाही. या साच्यात झालेली कोणतीही मोळी दहांपैकी कोणत्याही वॅगनवर बसते. हे फार महत्त्वाचं आहे. गाडी चालवताना ‘ही मोळी कुठल्या वॅगनची’ हे शोधत बसलात, तर आठवड्याभरात मोळ्या काढण्याचा उत्साहच संपेल.

साच्यात खालचे तीन ओंडके ठेवताना जाड आणि बारीक टोकं उलटसुलट करा. तिघांची जाड टोकं एकाच बाजूला आली तर मोळी एका टोकाला रुंद होते आणि तिथे खुंटात अडकते. ओंडका ओंडक्याला जिथे टेकतो तिथे सालीचा पट्टा कानशीने खरवडून लाकूड उघडं करा. सालीवर लावलेला गोंद सालीसकटच सुटतो. हे खरवडणं आतल्या बाजूला असतं, बाहेरून कुणाला दिसत नाही. लाकडाचा साधा पांढरा गोंद पुरतो, फक्त त्याला रात्रभर वेळ द्या. झटपट चिकटणारा सुपरग्लू मी इथे वापरत नाही. तो ठिसूळ असतो, आणि मोळी एकदा हातातून टेबलावर पडली की सांधा ताडकन सुटतो.

गोंद सुकला की मोळी उलटी करा. आता खाचा.

खालच्या तिन्ही ओंडक्यांवर, बंक जिथे येतो तिथे, आडवी खाच काढायची. खोली ०.८ ते १ मिलिमीटर, रुंदी बंकपेक्षा ०.३ मिलिमीटर जास्त. मी चौकोनी कानस वापरतो आणि खाचेच्या दोन्ही कडांना पेन्सिलीची रेघ मारून घेतो. दर पाच-सहा हातांनी मोळी वॅगनवर ठेवून बघतो. एक क्षण असा येतो की मोळी खाली टेकते आणि बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. तो आला की थांबायचं. आता मोळी बोटाने पुढे ढकलून बघा. ती जाणार नाही, वॅगनच पुढे चालायला लागेल. आपल्याला हवं ते हेच. वॅगन एका बाजूला तीस अंशांनी कलवा, तरी मोळी जागची हलत नाही. खुंट बाजूला धरतात, खाच पुढेमागे धरते, वजन खाली धरतं.

बऱ्याच लेआउटवर (मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर) काम इथेच संपतं. माझ्या दहांपैकी सात वॅगनवर याहून जास्त काहीही नाही.

ज्या वॅगनला खुंट नाहीत, फक्त टोकांना बसके ठोकळे आहेत, तिथे खुंट्या घाला. मोळीच्या मधल्या खालच्या ओंडक्यात ०.८ मिलिमीटर पितळी तारेचे दोन तुकडे, बाहेर तीन मिलिमीटर निघतील असे, आणि त्यांची टोकं घासून गोल केलेली. वॅगनच्या मधल्या दांड्यात एका बाजूला १ मिलिमीटरचं गोल भोक. दुसऱ्या बाजूला मात्र भोक लांबट करा, दांड्याच्या दिशेने दोन मिलिमीटर. दोन्ही भोकं गोल ठेवली तर एक मोळी एकाच वॅगनला बसते, दुसरीला नाही, कारण दोन भोकांमधलं अंतर हाताने तंतोतंत कधीच जमत नाही. एक गोल, एक लांबट केलं की तो प्रश्न उरत नाही. खुंट्या बसवण्यासाठीही साचाच वापरा. पत्र्याच्या पट्टीला दोन भोकं पाडून तीच पट्टी सगळीकडे लावायची.

चुंबकाबद्दल. तो वाईट नाही, पण बहुतेकांच्या हातून तो फार मोठा, चुकीच्या जागी आणि अगदी चिकटून लागतो. लावायचाच असेल तर ३ मिलिमीटर व्यासाचा, १ मिलिमीटर जाडीचा एकच निओडिमियम चुंबक पुरतो, आणि तो मोळीत बसवा, वॅगनमध्ये नको. वॅगनचा तळ रुळाच्या अगदी जवळ असतो. तिथला चुंबक रुळावरचा लोखंडी कचरा, सुटे खिळे, सगळं गोळा करत फिरतो. शिवाय कॅडीसारखे कपलर रुळाखालच्या चुंबकाने सोडत असाल, तर त्या जागेवरून जाताना वॅगन हिसका खाते आणि नको तिथे सुटते. वॅगनवर चुंबकासमोर लोखंडाचा छोटा पत्रा किंवा स्क्रूचं डोकं पुरेसं आहे. चुंबकासमोर लोखंडच असलं की ध्रुव जुळवायची भानगडही राहत नाही. दोन्हीकडे चुंबक लावणारे कधीतरी एक उलटा लावतात आणि मोळी उडी मारून बाहेर पडते.

आता तुमची खरी अडचण, वॅगन उचलली जाण्याची. चुंबकाची ओढ अंतर वाढलं की फार झपाट्याने कमी होते. म्हणून चुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये साध्या टेपचा एकेक थर लावत जा. दर थरानंतर मोळी दोन बोटांनी उचलून बघा. ज्या थराला चाकं रुळावरून हलत नाहीत आणि तरी वॅगन कलवल्यावर मोळी जागेवर राहते, तिथे थांबा. मला सहसा तीन ते पाच थर लागतात. आणि चुंबक बसवल्यावर जवळपास सोल्डरिंग करू नका, साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर ताकद गमावतात. घरात लहान मुलं असतील तर हे चुंबक मोजून ठेवा आणि पक्के चिकटवा. पोटात एकाहून जास्त गेले तर आतड्याला गंभीर इजा करतात. यात जराही ढिलाई नको.

चिकट पुट्टी आणि मेण फोटोपुरते ठीक. जास्त काळ ठेवलं तर लाकडावर तेलकट डाग उतरतो आणि धूळ बसते.

साखळी. ती गाडीची नाही, मोळीची करा. साखळीने काही धरायचं नाहीच, ती फक्त दिसायची आहे. एचओसाठी इंचाला ४० कड्यांची साखळी मिळते, तिचं माप डोळ्याला पटतं. २७ कड्यांची जरा जाड, पण जुन्या, जडशीळ गाड्यांवर तीही शोभते. मोळीभोवती गुंडाळून टोकं खालच्या ओंडक्याच्या पोटाशी, बंकच्या अगदी जवळ संपवा. वॅगनवर बसली की साखळी बंकमध्ये गेल्यासारखी दिसते, पण मोळी उचलली की साखळी तिच्याबरोबर वर येते. साखळी इतकी हलकी असते की स्वतःच्या वजनाने ओंडक्याला बिलगत नाही, वर तरंगत राहते. पातळ गोंद लावून दोन्ही टोकांना छोटे चिमटे लटकवा आणि सुकेपर्यंत तसंच ठेवा, मग ती लाकडावर नीट बसते. आधी काळी करून घ्या, चकचकीत साखळी सगळं काम बिघडवते. साखळीऐवजी दोरा वापरणार असाल तर तो मधमाशीच्या मेणातून ओढून घ्या, म्हणजे त्याची लव दबते.

वजनाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. स्केलेटन वॅगनमध्ये वजन लपवायला जागाच नसते, म्हणून पुष्कळ जण ओंडक्यांच्या पोटात शिसं भरतात. ओंडके कायमचे चिकटवले असतील तर चालेल. पण तुमची मोळी काढायची आहे, म्हणजे परत जाताना वॅगन हलकी होणार आणि नेमकी रिकामी गाडी चढावर ढकलताना घसरणार. वजन वॅगनमध्येच हवं. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ वॅगनला १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस वजन असावं. पाच इंची वॅगनला ते साडेतीन औंस, म्हणजे जवळजवळ १०० ग्रॅम होतं. इतकं या वॅगनमध्ये बसत नाही, हे मीही मान्य करतो. पण धातूची चाकं, मधल्या दांड्याच्या खालच्या पोकळीत टंगस्टनची पुट्टी आणि बोगींच्यावर शिशाच्या पातळ पट्ट्या, एवढ्यावर मी ६० ग्रॅमपर्यंत जातो आणि त्यात गाडी नीट चालते. टंगस्टन शिशापेक्षा दीडपटीहून जास्त जड असतं, म्हणून थोड्या जागेत तेच घाला. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

मोळीचे ३० ग्रॅम वर बसले की भार रुळापासून उंचावर जातो. म्हणून मोळी हलकीच ठेवा, आणि तिसरा थर एकाच ओंडक्याचा ठेवा. तिथे आणखी दोन ओंडके चढवायचा मोह होतो, दिसतंही छान, पण वळणावर वॅगन कलायला लागते. नॅरो गेजवर, म्हणजे अरुंद रुळावर, तर हे जास्तच सांभाळा. एचओएन३ चा (एचओ स्केलमधला तीन फुटी) रूळ १०.५ मिलिमीटरचा, एचओचा १६.५, आणि ओंडके मात्र तेवढेच. गाडी जोडताना भरलेल्या वॅगन इंजिनाजवळ आणि मोकळ्या मागे ठेवा. हलकी वॅगन जड वॅगनच्या पुढे आली तर ओढ बसली की ती वळणाच्या आतल्या बाजूला कोसळते.

तुमच्याकडे पुढे कधी डिस्कनेक्ट प्रकारच्या लॉग वॅगन आल्या तर वेगळा विचार करा. त्यात मधला दांडा नसतोच. दोन सुट्या बोगी, आणि त्यांना जोडणारा ओंडका हाच गाडीचा कणा. मॉडेलमध्येही सगळी ओढ ओंडक्यातून जाते, म्हणून तिथे नुसती खाच चालणार नाही. ओंडक्यात पितळी नळी बसवून बंकच्या मध्यातून वर येणारी खुंटी तिच्यात घ्या, आणि बंक बोगीवर मोकळा फिरू द्या. ओंडके काढल्यावर उरतात दोन हलक्या बोगी, आणि त्या ढकलताना हमखास उतरतात. डिस्कनेक्टवर मोळी काढायची असेल तर परतीला त्या बोगी फक्त ओढून न्या, ढकलू नका.

मोळी काढायची कशी, हे मोळी बांधण्याआधी ठरवा. बोटं दोन वॅगनच्या मध्ये जात नाहीत आणि मग शेजारचे खुंट मोडतात. माझा उपाय असा. वरच्या ओंडक्याच्या मध्यभागी, साल बाजूला करून, लोखंडी खिळ्याचा छोटा तुकडा बसवतो आणि वर साल परत चिकटवतो. मग लाकडी काडीच्या टोकाला ६ मिलिमीटरचा चुंबक. काडी टेकवली की मोळी सरळ वर येते, आणि खाचेतून निघायला सरळ वरच यावं लागतं. मिलच्या तळ्याकाठी ठेवून काडी जरा वाकडी केली की सुटते. खालीही चुंबक लावला असेल तर काडीच्या चुंबकाची ओढ खालच्यापेक्षा जास्त हवी. खिळा मोळीच्या वजनाच्या मध्यावर बसवा, म्हणजे ती वर येताना एका टोकाकडे झुकत नाही.

पहिल्या मोळीची परीक्षा घेतल्याशिवाय उरलेल्या नऊ बांधू नका. वॅगन दोन्ही बाजूंना कलवा, मग थोड्या जोराने दुसऱ्या वॅगनवर जोडा, मग सगळ्यात वाईट वळणातून आणि सांध्यातून आधी ओढून, नंतर ढकलून न्या. एनएमआरएचं गेज (रुळाभोवतीची मोकळी जागा तपासायची पट्टी) असेल तर ते मोळीच्या टोकाशी धरून मोळी त्याच्या बाहेर जात नाही ना ते बघा. बाहेर आलेली एखादी गाठ किंवा फांदीचा खुंट बोगद्याच्या तोंडाशी अडकतो आणि दोष मात्र खाचेला दिला जातो. दोन मोळ्या जास्तीच्या करा. गाडी वर मोकळी गेली की जंगलाच्या टोकाला भरायला तयार मोळ्या लागतात, आणि खाली मिलपाशी आधीच्या मोळ्या पडून दिसल्या तरच ती मिल चालू वाटते.